पत्र्यावरचे दगड

मे महिना लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक लिस्ट येतेच. वादळ-पुराची तयारी कशी करावी. टॉर्च, जादा सेल, तीन दिवस पुरेल इतका कोरडा खाऊ, प्यायचं पाणी, शिट्टी, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत वगैरे वगैरे. लिस्ट चांगलीच आहे, कोणीतरी विचार करून केलीय. पण गेल्या वर्षी मी ती मोठ्यांदा वाचून दाखवली तर आमची मोठी माय त्या कोरड्या खाऊवरच अडकली. "तीनच दिवसनं?" म्हणे. तेव्हा गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत होत्या, खाली कोठीत वर्षाची दादर ज्वारी, गहू, डाळी, डब्यांत कुरडया-शेवया, आणि लोणच्याच्या बरण्या फडकं बांधून तयार. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घराला तीन दिवसांच्या खाऊचं काय सांगता, तिथं पुढच्या आखाजीपर्यंतचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचं जेवण भरून ठेवलेलं असतं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की सामान आपल्याकडे बरंच असतं. टॉर्चही आता प्रत्येकाच्या मोबाईलमधे आहे. मग दरवर्षी वावधन, म्हणजे वादळी वारा आला, नाल्याला लोंढा आला, पारा पंचेचाळीसला गेला की त्याच त्याच पद्धतीने माणसं आणि जनावरं का जातात? माझं मत असं झालंय की सामानाची यादी करणं सोपं असतं म्हणून आपण ती करतो, आणि माणसांची यादी करायची वेळ आली की विषय बदलतो.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. वर सातपुडा, खाली तापी, मधे केळी. हवामानाचा त्रास म्हणाल तर सगळे प्रकार घरपोच.

उन्हापासून सुरू करू, कारण ते सगळ्यात गुपचूप मारतं. पूर आला तर टीव्हीवाले येतात, ऊन लागून एखादी म्हातारी गेली तर "वय झालेलं होतं" म्हणून विषय संपतो. हवामान खात्याचा नियम असा की मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० असेल आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा मग सरळ ४५ ला टेकलं, तर उष्णतेची लाट. ४७ झालं की तीव्र लाट. आता गंमत बघा, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडची सरासरीच बेचाळीसच्या आसपास. म्हणजे सरासरीच्या वर साडेचार मोजायला बसलो तर सेहेचाळीस-सत्तेचाळीस गाठावे लागतील, त्यामुळे आमच्याकडे लाट जाहीर होते ती बहुतेक ४५ च्या हिशोबानेच. आणि ४४ ला लाट नाही म्हणून ४४ मधे केळीचे घड वाहणारा माणूस सुखात असतो असं काही नाही. आमच्याकडे उन्हाचा थोडा माजही आहे, "ऊन काय आज पहिलांदा पडनं का?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. दुपारी बारानंतर बाहेर पडू नका सांगितलं की हेच उत्तर. खिशात कांदा ठेवून निघतात. कांदा ठेवा हो, पण पाणीही प्या.

जुनी घरं धाब्याची होती. लाकडी सरे, त्यावर काड्या, त्यावर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वरून खारी माती टाकायची म्हणजे झड लागली तरी गळत नाही. खारी टाकायचं काम एकट्याचं नव्हतंच, गल्लीतले सगळे मिळून एकेक धाबं उरकायचे, त्या निमित्ताने कोणाचं धाबं खचलंय, कोणाच्या भिंतीला भगदाड पडलंय हे आपोआप सगळ्यांना कळायचं. मला त्या घरांचं फार कौतुक करायचं नाहीये, लांबलेल्या झडीत धाबी बसलेली आहेत आणि माणसं त्याखाली गेलेली आहेत. पण उन्हाळ्यात आत गार असायचं हे खरं. आता स्लॅब. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती गरमी खाली सोडत बसतो. पोरं पुण्याला नाहीतर सुरतला, घरात दोन म्हातारी माणसं, कुलर आहे पण त्यात पाणी भरायला बादली उचलायची कोणी, आणि खिडकी बंद करून कुलर लावला की आतली हवा नुसती दमट होते, घाम वाळतच नाही. चाळीसच्या वरच्या कोरड्या हवेत नुसता पंखा म्हणजे अंगावर गरम वाराच, ओला पंचा अंगावर असेल तरच त्याचा उपयोग. गच्चीला चुना मारून घ्या, वीस लिटरच्या बादलीभर चुन्याने खोलीत फरक कळतो. कुलरला अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला दाखवा, ओल्या हाताने कुलरला धरून माणसं चिकटलीत दर उन्हाळ्यात.

आणि ऊन लागलेल्या माणसाची खूण एकच लक्षात ठेवा, तो बरळायला लागला किंवा समोरच्याला ओळखेना झाला आणि अंग तव्यासारखं तापलंय तर हे साधं चक्कर येणं नाही. आधी सावलीत घ्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला, आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, पन्हं नाही, ओआरएस नाही, काहीच नाही.

आता वावधन. मे संपता संपता, मृगाच्या आधी किंवा मृगात, दुपारभर जीव नकोसा होतो आणि चारनंतर ढग चढतात. ढगातून पाऊस सुटतो पण खालची हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच वाळतात, वाळताना हवा गार होते, गार हवा जड, ती वरून धाडकन खाली येते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. म्हणून आमच्याकडे आधी धूळ येते, मग वारा, आणि पाऊस कधी येतो कधी नुसता शिंतडून जातो. उकाड्यात एकदम गार झुळूक लागली की लोक खूश होतात, खरं तर ती झुळूक म्हणजे फार तर पंधरा-वीस मिनिटं हातात आहेत एवढाच निरोप असतो, कधी तेवढीही नसतात.

केळीला तर हा वारा म्हणजे काळच. केळीचं खोड हे खोडच नाही, पानांच्या देठांची गुंडाळी, आत लाकूड नाही, मुळं वरवर, आणि डोक्यावर वीस-पंचवीस किलोचा घड. निसवलेली, म्हणजे घड बाहेर आलेली बाग असेल तर वारा आला की रांगच्या रांग आडवी. म्हणून हुशार शेतकरी लागवडीच्या वेळीच बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावतो, घड बाहेर पडला की पट्टीने झाडाला झाड बांधतो. तरी जातं ते जातं. मग विमा. फळपीक विम्याचा वारा मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर, आणि वावधन कधीकधी एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यातून निघून जातं, केंद्र पलीकडे शांत उभं. बाग झोपलेली आणि कागदावर वारा नाही. यावर चिडून उपयोग नाही असं लोक सांगतात, मी तरी चिडतो. गारपीट-वाऱ्याच्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते, त्यामुळे धान्याच्या कोठीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पॉलिसीचा नंबर आणि सातबारा फोनमधे असणं, आणि बाग उभी असतानाचा तारखेसकट फोटो आधीच काढून ठेवणं.

पण हे सगळं बागेचं झालं. बागेत माणूस राहतो त्याचं कोणी बोलत नाही.

आमच्या भागात सालदार (वर्षाच्या कराराने ठेवलेले गडी) आणि मजूर बरेच सातपुड्यातले, पावरा-बारेला कुटुंबं. मळ्यातच एक खोली किंवा झोपडी, चार बल्ल्या, तट्ट्या, वर पत्रे. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड. चांगले डोक्याएवढे दगड, जुन्या विहिरीच्या बांधकामातले, नाहीतर नाल्यातले गोटे, एकेका पत्र्यावर चार-पाच. कधी तुटलेलं टायर, कधी जुनं वखर. मी गेल्या वर्षी एका मळ्यात नीट आत जाऊन बघितलं. पत्र्याला भोकं होती, म्हणजे कधीतरी खिळे होते, ते गंजून गेलेले. बल्लीला पत्रा बांधलेलाच नव्हता, नुसता टेकवलेला. आणि ज्या बाजूला सगळ्यात मोठे दोन दगड होते त्याच्या बरोबर खाली साडीची झोळी बांधलेली, बाळाची. आई बाहेर भाकरी करत होती. तिला म्हटलं झोळी त्या कोपऱ्यात घ्या, तर ती हसली आणि वर बघितलं, आणि मग लगेच उठून झोळी हलवली. तिला दगड दिसत नव्हते असं नाही. रोज दिसतात म्हणून दिसत नाहीत.

वाऱ्यात पत्रा आधी एका कडेने उचलतो. उचलला की दगड घरंगळतात, काही बाहेर, काही आत. पत्रा नंतर उडतो, तो दुसऱ्या कोणाला कापतो. म्हणजे पत्रा वाचवायला ठेवलेला दगड झोपलेल्या माणसावर. यावर इलाज फार मोठा नाहीये, आकड्याचे बोल्ट मिळतात, जे-बोल्ट म्हणतात दुकानात, वायसर लावून ते पत्र्यातून खालच्या पाइपाला किंवा बल्लीला आवळायचे. तेही नको असेल तर जाड बाइंडिंगची तार पत्र्यावरून आडवी ओढून दोन्हीकडे जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधायची. वजनच ठेवायचं तर दगडाऐवजी अर्ध्या भरलेल्या वाळूच्या गोण्या, एकमेकींना बांधून. मोठी माय म्हणते तसं, "वारा कोन्हा बापना नही."

विजेचं थोडक्यात. दामिनी ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, आजूबाजूला वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. ॲप नसेल तर चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत असेल तर मळ्यातून निघा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. निंबाखाली थांबायचं नाही हे सगळ्यांना पाठ आहे आणि तरी सगळे निंबाखालीच थांबतात कारण मळ्यात दुसरा आडोसाच नसतो. बंद काचांची गाडी आडोसा म्हणून चालते. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात, त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो हो, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, तेवढ्याने माणूस परत येऊ शकतो.

पुराचं आमच्याकडे दोन तऱ्हेचं आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. तापीचा पूर सांगून येतो. तापी मुलताईहून निघते, पूर्णा तिला चांगदेवजवळ मिळते, मेळघाटात आणि बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की पाणी हतनूर धरणात जमतं आणि मग बातमी येते, हतनूरचे ४१ दरवाजे उघडले. आमच्याकडे तेव्हा चक्क ऊन पडलेलं असू शकतं. म्हणून विश्वास बसत नाही. आणि मग काय होतं तर नदीकाठी ज्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी आहेत ते सगळे बातमी ऐकून नदीकडे पळतात. मोटार, पाइप, स्टार्टर, वायर, पन्नास-साठ हजारांचा माल, तो काढायला माणूस उतारावरून गाळात उतरतो, मोटार दोघांना उचलत नाही म्हणून तिसऱ्याला हाक, आणि पाणी पायाशी. दरवाजे उघडल्याची बातमी म्हणजे नदीपासून लांब जायचा निरोप, आमच्या काठावर मात्र तो नदीकडे जायचा निरोप झालाय. खरं म्हणजे जुलै लागल्यावर मोटार वरच्या टप्प्यावर घेऊन ठेवायला पाहिजे, साखळी आणि कप्पी लावून, म्हणजे वरूनच ओढता येईल. पावसाने ओढ दिली तर परत खाली सोडावी लागते, तो कंटाळा, म्हणून कोणी घेत नाही.

सातपुड्यातल्या नद्या-नाले मात्र सांगत नाहीत. डोंगरात तासभर धो-धो झालं की फरशीवर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर लोंढा. अशा वाहत्या पाण्यात फूटभर खोलीत छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहतात, मोटरसायकलचं तर विचारूच नका. पलीकडे घर दिसतंय, दहा मिनिटांचा प्रश्न, आणि माणूस गाडी घालतो.

चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला काय झालं ते खान्देशात सगळ्यांना आठवत असेल. कन्नड घाटात दरडी, तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी शहरात आणि गावांत, आणि शेकडो जनावरं गेली. गोठ्यात दावणीला बांधलेलं जनावर पाण्यात काय करणार? मोकळी असती तर त्यातली काही तरी पोहून निघाली असती. त्या वर्षी माझ्या मावसभावाने गोठ्याच्या खांबाला, हात पोचेल अशा उंचीवर, एक विळा खुंटीला अडकवून ठेवला, फक्त दावी कापायला, त्याला दुसरं काम नाही. अंधारात ओल्या दाव्याची गाठ सुटत नाही. मला ही त्या लांबलचक लिस्टपेक्षा जास्त कामाची गोष्ट वाटते.

आता इशाऱ्यांचं. आपल्याकडे इशारे कमी नाहीत. यलो, ऑरेंज, रेड. २०२३ मधे सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते ती सरकारची चाचणीच होती, आमच्या गावात निम्म्या लोकांना वाटलं बँकेतले पैसे गेले. पण अलर्ट येतो जिल्ह्याला, आणि जळगाव जिल्हा चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत पसरलेला, चार वेळा यलो येऊन आपल्या गावात थेंब पडला नाही की पाचव्या वेळेला कोण बघतं. आणि मळ्यातल्या ज्या माणसाला सगळ्यात जास्त गरज त्याच्याकडे साधा फोन, तो चार्ज करायला तो गावात पानटपरीवर येतो. घरी तो पावरी बोलतो. त्याला ऑरेंज म्हणजे काय?

मदत येते, येत नाही असं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी तर आपल्या धुळ्यातच असते. १०७७ ला फोन केला की जिल्ह्याचा कंट्रोल रूम लागतो. पण झाड रस्त्यावर पडलं, तारा तुटल्या, फरशी बुडाली तर पहिले दोन-तीन तास गावच आहे फक्त.

म्हणून गेल्या आखाजीनंतर आम्ही काही जण पोलीस पाटलांना घेऊन बसलो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे यादी केली. कोण चालू शकत नाही. कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचं डायलिसिस आहे. कोणती सून आठव्या-नवव्या महिन्यात आहे. कोणत्या मळ्यात झोपडी आहे, आत किती माणसं. आणि प्रत्येक नावासमोर कोण जाणार त्याचं नाव, एक जण गावात नसला तर दुसरा कोण. हे शेवटचं भरताना खरी शांतता झाली. नाल्यापलीकडच्या दोन झोपड्या आल्या, "तथा कोन जाई?" सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग ट्रॅक्टरवाल्या एका पोराने म्हटलं मी जासू, पण पाणी चढायच्या आधी, नंतर नाही. बरोबर बोलला. तेच लिहिलं, त्याच्याच शब्दात.

अजून गमती निघाल्या. वादळात सगळ्यांनी शाळेत जमायचं असं कागदोपत्री ठरलेलं, पण मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, ते चोपड्याला राहतात. मंदिरावरचा भोंगा लाइटवर चालतो आणि वावधनात पहिल्यांदा लाइटच जाते. भजनी मंडळाकडे बॅटरीचा माईक होता, तो कपाटात, बॅटरी उतरलेली. किल्लीची दुसरी कॉपी करायला चावीवाल्याचे मोजून काही रुपये लागले, आणि ते करायला आम्हाला इतकी वर्षं.

यंदा ती यादी शिळी झालीय. पाडवा-आखाजीला सालदार बदलले, तीन झोपड्यांत नवी माणसं आहेत, एका घरातले आजोबा वारले, दुसरीकडे सून माहेरी गेलीय. परत बसावं लागणार, आणि या वेळेला पावरी बोलणारं एक जण बरोबर हवंय. बोल्टचं भिजत घोंगडं आहे ते वेगळंच. मळ्यातल्या पत्र्यांना बोल्ट मारायचा खर्च कोणी करायचा यावर ग्रुपवर गरमागरमी झाली, काही म्हणाले ग्रामपंचायतीने करावा, एक जण म्हणाला राहतात ते करतील. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याची बाग त्याने करावा. घडाला पट्टी बांधायला पैसे निघतात ना, मग त्याच बिलात बोल्टही घ्या. दोघांनी लाइकचा अंगठा टाकलाय, बाकी सगळ्यांनी मेसेज वाचलाय एवढं निळ्या टिकेवरून दिसतंय. मृगाला अजून वेळ आहे, तोवर मी रोज एकदा टाकणार आहे तोच मेसेज.